परतीची वाट : वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळी आणि अनुतापाची परंपरा

ख्रिस्ती माणसाचा बाप्तिस्मा एकदाच होतो. वाट मात्र अनेकदा चुकते. विश्वास स्वीकारलेला माणूस प्रार्थना सोडतो, मंडळीतून दूर होतो, व्यसनात, वैरात किंवा नुसत्या आळसात हरवतो; आणि काही काळाने त्याला पुन्हा देवाकडे वळावेसे वाटते. अशा वेळी त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. देव आपल्याला परत घेईल का, हा पहिला. घेतले तर आता पुढे कसे चालायचे, हा दुसरा. पहिला प्रश्न क्षमेचा आहे, दुसरा मार्गदर्शनाचा. मराठी ख्रिस्ती मंडळींनी गेल्या दोनशे वर्षांत या दोन्ही प्रश्नांना सामोरे जाण्याची एक रीत घडवली. ती काही प्रमाणात बायबलमधून आली, काही परदेशी मिशनांकडून आली आणि बरीचशी मराठी भक्तिपरंपरेतून आली. अकोला, अमरावती, अचलपूर आणि या तिन्हींच्या मधोमध असलेला दर्यापूरचा परिसर इथे या रीतीचा इतिहास वऱ्हाडच्या जमिनीशी आणि माणसांशी जोडलेला आहे.

वऱ्हाडातील आरंभ

दर्यापूर चंद्रभागेच्या काठी, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. भोवतालचा प्रदेश खारपाणपट्ट्याचा. विहिरींना पाणी लागते, पण ते खारे. काळी कसदार जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते. कापूस आणि ज्वारी ही इथली जुनी पिके. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ दर्यापूरवरून धावू लागली. कापसाच्या गाठी ज्या वाटांनी बाहेर गेल्या, त्याच वाटांनी नवी माणसे आणि नवे विचार आत आले.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४०च्या दशकात स्कॉटिश मिशनचे काम सुरू केले होते. वऱ्हाडाच्या उत्तर भागात १८७०च्या दशकात आल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी पत्नीसह एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, राहू लागले. त्यांच्या मदतीला आलेल्या जेनी फ्रो यांचा पुढे मार्कस फुलर यांच्याशी विवाह झाला आणि १८८०च्या दशकात फुलर दांपत्याने अकोल्यात काम मांडले. १८९२ मध्ये हे काम न्यूयॉर्कमधील ए. बी. सिम्प्सन यांच्या संस्थेशी जोडले गेले. तीच पुढे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या नावाने ओळखली गेली आणि वऱ्हाड-खानदेशातील गावोगावच्या ‘अलायन्स’ मंडळ्या तिच्यातून उभ्या राहिल्या. मेळघाटच्या पायथ्याशी आणि डोंगरात कोरकूंमध्ये १८९०च्या सुमारास स्वतंत्र मिशन निघाले. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम झाला. यवतमाळच्या बाजूला फ्री मेथडिस्टांचे काम वाढले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडात हाहाकार उडवला, तेव्हा अलायन्सने अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथाश्रम चालवले.

या मंडळ्या लहान होत्या. मिशनरी आणि मराठी उपदेशक हिवाळ्यात तंबू आणि बंडी घेऊन खेड्यापाड्यांत फिरत, आठवडी बाजारात उभे राहून बोलत, शुभवर्तमानाच्या पुस्तिका विकत आणि पुढच्या गावी जात. एखाद्या गावात ख्रिस्ती झालेले घर एकच असे. सोयरे, शेजारी, जत्रा, लग्नकार्य, सावकार, पाटील, सगळे जुन्याच जगात. रविवारची उपासना कित्येक कोस दूर. अशा ठिकाणी माणूस जाहीरपणे धर्म सोडून जात नसे; तो हळूहळू दिसेनासा होई. आधी प्रार्थना थांबे, मग पुस्तक फळीवर जाई, मग पाळक आले की घरचा कर्ता शेतात गेलेला असे. वाट चुकणे बहुधा असे बिनआवाजाचे असते आणि म्हणून परत येणेही अवघड असते. ज्या दाराला कधी कडी लावलीच नाही, ते उघडून परत कसे यायचे, हा संकोच पायात घोटाळतो.

प्रायश्चित्त आणि अनुताप

परत येण्याची कल्पना मराठी समाजाला नवी नव्हती. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त होते. दोषाचे स्वरूप ठरवायचे, शास्त्री-पंडितांचा निर्णय घ्यायचा, पंचगव्य, उपवास, दान, भोजन असा विधी करायचा आणि मग ज्ञातीने पंक्तीत घ्यायचे. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर सगळी मुंबई ढवळून निघाली होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्यांच्याकडे जेवला होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. न्यायालयाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला ज्ञातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका लहान मुलाच्या परतीसाठी एवढे मोठे वादळ उठले, यावरून त्या समाजात परतीचे दार किती अरुंद होते ते दिसते.

दुसरी परंपरा संतांची. तिथे अनुताप हा शब्द आहे. मन पोळते, माणूस स्वतःचे दोष देवापुढे मोकळेपणाने मोजतो आणि कृपा मागतो. तुकारामांच्या करुणापर अभंगांत हा आवाज सर्वांत तीव्र आहे. शेगाव-पंढरपूरच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्यांमुळे तो वऱ्हाडच्या घरोघरी माहीत होता. दर्यापूरच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. त्यांनी कीर्तनातून श्रोत्यांना साधे प्रश्न विचारत दारू, कर्ज आणि पशुबळी यांपासून मागे वळवले. चुकीच्या वाटेवरून मागे फिरा, हे सांगणारी वाणी या मातीने आपल्या भाषेत ऐकलेली होती.

ख्रिस्ती उपदेशक या दोन्ही परंपरांमध्ये उभे राहून बोलत. क्षमा विकत मिळत नाही, तिची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर दिली आहे, असे ते शिकवत. म्हणून प्रायश्चित्ताचा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला. अनुतापाचा शब्द मात्र त्यांना जवळचा वाटला, कारण त्यात मोजमाप नव्हते, मोडलेले मन होते.

शब्द आणि शास्त्र

या शिकवणीला मराठी शास्त्र मिळाले नसते तर ती मिशनऱ्यांच्या बंगल्यातच राहिली असती. श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२६ मध्ये नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल छापले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत स्वतंत्र भाषांतर केले. त्यातील नवा करार १९१३ मध्ये निघाला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाला.

मराठी बायबलने ‘पश्चात्ताप’ हा शब्द वापरला. त्याचा अर्थ मागाहून होणारा ताप, मनाचे पोळणे. मूळ भाषांत थोडी वेगळी छटा आहे. ग्रीक शब्दात मन पालटण्याचा अर्थ आहे, तर हिब्रू शब्दाचा अर्थ सरळ ‘परत फिरणे’ असा. यिर्मया संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात देवापासून दूर जाणे आणि देवाकडे परतणे या दोन्हींसाठी एकाच धातूची रूपे वापरली आहेत. मराठीतही तसेच घडले. विश्वासातून ढळलेल्याला मंडळीत ‘मागे पडलेला’ किंवा ‘मागे गेलेला’ म्हणतात, आणि त्याने काय करावे तर ‘मागे फिरावे’. पाय तेच, वाट तीच. तोंड कुठे आहे एवढाच फरक.

मार्गदर्शन शोधणाऱ्यासाठी पाळक जे उतारे वर्षानुवर्षे सुचवत आले, त्यांत चार-पाच ठळक आहेत. स्तोत्र ५१ हे दावीद राजाचे मानले जाते. त्याने उरीयाची पत्नी बथशेबा हिला घेतले, उरीयाला लढाईत मरू दिले आणि नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगेपर्यंत त्याला आपले पाप दिसले नाही. स्तोत्र ३२ मध्ये क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पाप लपवले तोवर हाडे झिजली, कबूल केले तेव्हा क्षमा मिळाली, आणि त्यानंतर देव वाट दाखवण्याचे वचन देतो. स्तोत्र २५ मध्ये तारुण्यातील पापांची आठवण नको अशी विनवणी आणि तुझे मार्ग मला शिकव ही मागणी एकाच प्रार्थनेत येते. कबुली आधी, मार्गदर्शन नंतर, हा क्रम पुढे मंडळीच्या रीतीचा कणा झाला.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या मुलाचा दाखला खेड्यात फोड करून सांगावा लागत नसे. बापाच्या हयातीत वाटणी मागणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. वाटणी विकून मुलगा परमुलखात जातो, पैसा संपतो, दुष्काळ पडतो, डुकरे राखायची वेळ येते. तिथे तो शुद्धीवर येतो आणि बापाला काय बोलायचे ते मनाशी घोकत निघतो. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावतो. भर गावात, लोकांच्या देखत, पिकल्या वयाचा घरधनी आपली अब्रू विसरून धावतो. मुलाचे घोकलेले बोलणे पुरे व्हायच्या आत अंगठी, जोडे आणि जेवण यांची आज्ञा निघते. ज्यांच्या घरी वाटणीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, त्यांना या दाखल्यातला रुसलेला थोरला मुलगाही ओळखीचा वाटे.

पेत्राची गोष्ट अधिक खोल जाते. येशूला पकडले त्या रात्री पेत्र अंगणात निखाऱ्यांजवळ शेकत उभा होता आणि तिथे त्याने तीनदा येशूला नाकारले. योहानच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा निखारे आहेत. सरोवराच्या काठी, पहाटे, त्यांवर मासळी भाजलेली. ‘निखाऱ्यांचा विस्तव’ या अर्थाचा तो ग्रीक शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे का? प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम देतो : माझी मेंढरे राख. पेत्राला मिळालेले मार्गदर्शन हे असे कामाच्या रूपात आले. पुढचा मराठी इतिहास पाहिला तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

मंडळीची शिस्त

एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सभासदत्व गंभीर मानले जाई. अहमदनगरला १८३३ मध्ये मंडळी स्थापन झाली. तिथे १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि मंडळीच्या कारभाराची जबाबदारी मराठी माणसांच्या हाती येऊ लागली. नोंदवहीत बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि सभासदत्वाची नोंद असे. जातीभेद पाळणे, घरात पुन्हा मूर्तिपूजा सुरू करणे, दारू, जुगार, मंडळीबाहेरचा विवाह आणि उपासनेला सतत गैरहजर राहणे ही शिस्तीची नेहमीची कारणे.

शिस्तीचा आधार मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे. आधी एकट्याने भेटावे, ऐकले नाही तर दोघा-तिघांनी जावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. दोषी ठरलेल्याला प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवले जाई. मराठी माणसाला ही शिक्षा लगेच समजे, कारण पंक्तीतून उठवणे काय असते हे त्याने गावात पाहिलेले होते. म्हणून तिचा धोकाही मोठा होता. पंक्तिभेद मोडण्यासाठी आलेल्या धर्मात नवा बहिष्कार तयार होऊ नये, ही काळजी समंजस पाळकांना घ्यावी लागे. गलतीकरांच्या पत्रातील सहावा अध्याय त्यांना इथे उपयोगी पडे : चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणावे आणि तसे करताना स्वतःकडेही लक्ष ठेवावे.

परत घेण्याची रीत साधी असे. माणूस पाळकाकडे किंवा मंडळीच्या वडिलांकडे जाई, चूक कबूल करी, कोणाचे नुकसान केले असेल तर भरून देई आणि मग मंडळीसमोर थोडक्यात साक्ष देई. पाळक त्याच्यासाठी प्रार्थना करीत. पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला त्याच्याही हातात येई. त्या क्षणी कोणी काही बोलत नसे. हातातून हातात गेलेला तो प्यालाच सांगत असे की हा माणूस पुन्हा घरचा झाला.

रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरचा शोध

ढळण्याचे एक रूप बाहेरून दिसत नाही. माणूस मंडळीत असतो, धर्माची कामे करतो आणि तरी आतून वाट हरवलेली असते. मराठी ख्रिस्ती इतिहासात याचा सर्वांत प्रामाणिक दाखला पंडिता रमाबाईंनी दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. १८९०च्या आगेमागे हे सदन पुण्याला आले. विधवांसाठी त्यांचे काम देशभर गाजत होते. तरीही १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त मात्र सापडला नव्हता.

बदल झाला १८९१ मध्ये, एका पुस्तकाने. विल्यम हॅसलम हे इंग्लंडमधील कॉर्नवॉलचे अँग्लिकन धर्मगुरू. अनेक वर्षे धर्मोपदेश केल्यानंतर, १८५१ मध्ये, स्वतःच्याच प्रवचनात त्यांचे मन पालटले आणि श्रोत्यांपैकी कोणीतरी ते ओळखून ओरडले. त्यांचे आत्मचरित्र रमाबाईंच्या हाती पडले. धर्मगुरूही आतून हरवलेला असू शकतो आणि त्यालाही परत येता येते, हे वाचून त्यांना आपल्या स्थितीचे नाव सापडले. त्यांनी पापाची क्षमा केवळ ख्रिस्तावर विसंबून मागितली आणि त्यांच्या शब्दांत पुष्कळ वर्षांचा भार उतरला.

त्यानंतर मिळालेले मार्गदर्शनही कामाचेच होते. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर कोणाकडे पैसे न मागता प्रार्थनेवर चालत. त्यांच्या उदाहरणाने रमाबाईंना धीर आला. म्यूलर सांगत, देवाची इच्छा शोधताना आधी आपली इच्छा बाजूला ठेवावी, केवळ भावनेवर भिस्त ठेवू नये, शास्त्र, प्रार्थना आणि परिस्थिती एकत्र पाहावी आणि मन शांत झाल्यावर पाऊल टाकावे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे २,००० मुली आणि स्त्रिया राहत होत्या.

१९०५ : मुक्तीतील संजीवन

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठी धर्मजागृती झाली. तिचा तरुण प्रचारक इव्हान रॉबर्ट्स लोकांना चार गोष्टी सांगे : माहीत असलेले प्रत्येक पाप कबूल करा, संशयास्पद सवय सोडा, पवित्र आत्म्याचे तत्काळ ऐका आणि ख्रिस्ताविषयी उघडपणे साक्ष द्या. ही बातमी मुक्तीत पोहोचली. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितले. आधी सुमारे सत्तर जणी जमल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या पुढे गेली.

२९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एका मुलीला आपण जणू आगीने वेढलो आहोत असे वाटले आणि ती रडत प्रार्थना करू लागली. शेजारची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली. जवळ आल्यावर तिच्या लक्षात आले की पेटलेले काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात योहानचा आठवा अध्याय शिकवत होत्या. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट याच अध्यायाच्या आरंभी येते. तिला दगड मारायला आलेले एकेक करून निघून जातात आणि येशू तिला दोषी न ठरवता पुन्हा पाप करू नको म्हणून पाठवतो. शिकवता शिकवता मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. मिनी एब्रम्स आणि इतर मिशनऱ्यांच्या वृत्तांतांत या दिवसांची नोंद आहे. अचलपुरात काम केलेले आणि तेव्हा दौंडला मुलांचा अनाथाश्रम चालवणारे आल्बर्ट नॉर्टन यांनीही मुक्तीतल्या प्रार्थना स्वतः पाहिल्या आणि त्यांविषयी लिहिले.

या मुली धर्माला नव्या नव्हत्या. बहुतेक मुक्तीतच वाढलेल्या, बायबल शिकलेल्या होत्या. त्यांच्या कबुल्या रोजच्या जगण्यातल्या होत्या : खोटे बोलणे, चोरी, मत्सर, राग. धर्मशिक्षण आणि धर्मजीवन यांतले अंतर त्यांना दिसले होते. जागृतीचा पुढचा टप्पा पुन्हा कामाचा ठरला. मुलींचे गट करून आसपासच्या खेड्यांत प्रार्थनेसाठी आणि सुवार्तेसाठी पाठवले गेले. ‘संजीवन सभा’ हा शब्द मराठी मंडळ्यांत विशेष अर्थाने रुळला. विश्वासात थंड पडलेल्यांना पुन्हा जागे करण्यासाठी भरवलेल्या सभांना तो आजही वापरला जातो.

टिळक : मराठी वाणीतला अनुताप

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट विदर्भातून गेली. नागपुरात काही काळ काम करून १८९३ मध्ये ते राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग परतल्या आणि १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. तुटलेले नाते सांधले जाताना दोघांनी काय सोसले, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मराठी वाचकाला सापडते.

तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी ख्रिस्ती अनुतापाला अभंगाचा छंद आणि कीर्तनाचा बाज दिला. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात आहेत आणि मंडळ्या आजही ती गातात. खेड्यातल्या न शिकलेल्या ख्रिस्ती बाईला जे पाप शब्दांत मांडता येत नव्हते, ते गाण्यातून मांडता आले. उपासनेत पापांगीकारानंतर गायले जाणारे गीत हेच तिचे शास्त्रपठण होते.

टिळकांनाही पुन्हा वाट शोधावी लागली. मिशनच्या पगारी चाकरीत आपली ख्रिस्तभक्ती परकी होत आहे, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले. १९१७ मध्ये त्यांनी ती चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांचा तो मेळा असावा, असा त्यांचा हेतू होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. अनेक वर्षे सेवा केलेल्या माणसानेही थांबून देवाला दिशा विचारावी, ही त्यांच्या जीवनाची शिकवण मंडळ्यांना मिळाली.

वऱ्हाडातील समर्पणाची शिकवण

अलायन्सच्या मंडळ्यांनी वऱ्हाडात एका गोष्टीवर विशेष भर दिला. ख्रिस्त तारणारा आहे, पवित्र करणारा आहे, आरोग्य देणारा आहे आणि पुन्हा येणारा राजा आहे, ही सिम्प्सन यांची चतुर्विध सुवार्ता. त्यातील दुसरा भाग ढळलेल्यांसाठी मोलाचा ठरला. तारण मिळालेल्या माणसानेही एका टप्प्यावर आपले सगळे आयुष्य नव्याने देवाच्या स्वाधीन करावे, अशी ती शिकवण. मराठीत त्याला ‘समर्पण’ हा शब्द मिळाला. सभेच्या शेवटी ज्यांना पुन्हा समर्पण करायचे आहे त्यांनी पुढे यावे, अशी हाक दिली जाई. पाळक त्यांच्यासाठी प्रार्थना करीत.

पाळकांच्या प्रशिक्षणासाठी १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तोवर तीस वर्षे वऱ्हाडच्या मातीत देशभरातले विद्यार्थी शिकले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली आणि अनेक प्रॉटेस्टंट पंथ एक झाले.

कॅथलिक परंपरेत परतीची वाट संस्काराची आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असे ठरवले. ढळलेला माणूस धर्मगुरूकडे जातो, पाप सांगतो, क्षमेचे शब्द ऐकतो आणि प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना किंवा सत्कृत्य करतो. विदर्भात हे काम फ्रान्समधील आनेसीहून आलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या संघाने केले. १९५५ मध्ये अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी उपासना मराठीत आली. पापनिवेदन गुप्त राहते, म्हणून लोकलाजेने अडलेल्यांना ते आधार देते. प्रॉटेस्टंट साक्ष उघड असते, म्हणून ती मंडळीला बांधून ठेवते. दोन्हींची आपापली ताकद आहे.

स्वातंत्र्यानंतर

वाट चुकण्याची कारणे काळाप्रमाणे बदलली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार दलित पार्श्वभूमीच्या ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला, ख्रिस्ती लोकांचा झाला नाही. त्यामुळे मुलांच्या शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी कागदावर एक ओळख आणि घरात दुसरी, अशा पेचात काही कुटुंबे सापडली. १९५६ मध्ये नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेने विदर्भातील दलित जीवनाला नवी दिशा दिली आणि ख्रिस्ती घरांनाही आपण कोण, हा प्रश्न नव्याने विचारावा लागला. अशा घरांतील माणसाला ढळलेला म्हणण्याआधी त्याच्यावरचे ओझे पाहावे लागते.

शेतीतील कर्ज, नापिकी आणि दारू या वऱ्हाडच्या दुखण्यांतून ख्रिस्ती घरे सुटलेली नाहीत. शिकलेली मुले पुणे-मुंबईला जातात आणि गावची मंडळी मागे राहते. शहरात ओळख नसते, उपासनेची सवय मोडते आणि वर्षे निघून जातात. परत येणे बहुधा आजारपणात, घरातल्या मृत्यूनंतर किंवा मुलाच्या बाप्तिस्म्याच्या निमित्ताने घडते. म्हणून घरसभा आणि उपवास-प्रार्थना यांचे महत्त्व वाढले आहे. चर्चच्या पायऱ्या चढायला लाजणारा माणूस शेजारच्या ओसरीवर येऊन बसतो.

रूढ झालेली रीत

या सगळ्या इतिहासातून मार्गदर्शन शोधण्याची जी रीत मराठी मंडळ्यांत स्थिरावली, तिचे टप्पे ओळखता येतात. पहिला टप्पा एकांताचा : पापाला नाव देऊन ते देवापुढे ठेवणे. दुसरा भरपाईचा : ज्याचे घेतले त्याचे परत देणे, ज्याला दुखावले त्याची क्षमा मागणे. तिसरा शास्त्राचा : रोज थोडे, क्रमाने वाचणे. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाची आज्ञा समजायची, या सवयीपासून जाणते पाळक सावध करतात, कारण संदर्भ तोडलेले वचन माणसाला पुन्हा चुकवू शकते. चौथा सल्ल्याचा : प्रौढ विश्वासी व्यक्तीशी मोकळे बोलणे. पाचवा प्रतीक्षेचा : मन शांत होईपर्यंत मोठे निर्णय थांबवणे. सहावा सहभागितेचा : प्रभुभोजनाला पुन्हा बसणे.

शेवटचा टप्पा कामाचा आहे आणि त्याचाच विसर सर्वाधिक पडतो. परतलेल्या माणसाला मंडळी काही काळ मागच्या बाकावर बसवते, जपते. पण त्याच्या हाती काही सोपवत नाही. इतिहास वेगळे सांगतो. पेत्राला मेंढरे मिळाली, रमाबाईंना दुष्काळातल्या मुली मिळाल्या, मुक्तीतल्या मुलींना खेडी मिळाली आणि टिळकांना दरबार मिळाला. वऱ्हाडात धनगरांचे कळप शेतात बसवतात. रात्री एखादे मेंढरू चुकले तर धनगर ते शोधून आणतो आणि सकाळी तेही इतरांबरोबर चरायला निघते. परत आलेल्या माणसालाही हीच सकाळ हवी असते.